वाळवंटातली रात्र गार का?

राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंश सेल्सिअसवर गेला. त्याच थर वाळवंटाच्या कडेला असलेल्या चुरूमध्ये हिवाळ्यातल्या काही पहाटे तो शून्याखालीही उतरतो. ऋतूंचा फरक सोडला, तरी वाळवंटात दिवस आणि रात्र यांच्यातही मोठी तफावत असते. ती कशामुळे?

दिवसभर तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपानं उष्णता बाहेर टाकते. हवेत बाष्प आणि ढग असले, तर ते ही उष्णता शोषून बरीचशी पुन्हा जमिनीकडे पाठवतात. म्हणूनच मुंबईत मे महिन्यात रात्रीही घामाच्या धारा लागतात. थरच्या कोरड्या, निरभ्र हवेत हा अडसर फारसा नसतो. शिवाय कोरड्या वाळूतून उष्णता खोलवर झिरपत नाही. वरचा थर झटकन तापतो आणि झटकन निवतो.

कोरड्या हवेत पाण्याची वाफही भराभर होते. त्यामुळेच वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर नागपुरात खोली गारेगार करतो. मुंबईत मात्र नुसता दमटपणा वाढवतो. घामाचंही तसंच. कोरड्या हवेत तो अंगावर दिसण्याआधीच वाळतो आणि शरीरातलं पाणी किती गेलं, ते कळत नाही. तेव्हा कोरड्या उन्हाळ्यात तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहा.