सायकलस्वार आणि वैशाखातले ऊन

वैशाखातल्या दुपारी दोन वाजता नागपूरच्या रस्त्यावर सायकल चालविणारा मनुष्य हौसेने बाहेर पडलेला नसतो. तो इमारतीच्या कामावरचा मजूर असतो, नाही तर रिकामे कॅन घेऊन परतणारा दूधवाला. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल आढळली. मोटार ५ टक्क्यांकडेही नव्हती. हवामान बिघडू नये म्हणून सायकल चालवा, असा उपदेश अलीकडे फार ऐकू येतो. तो ऐकण्यापूर्वीच पुष्कळांनी आचरणात आणलेला आहे, कारण त्यांना दुसरे वाहन परवडत नाही. वाढत्या उन्हात त्यांची ही सवय टिकावी कशी, हा खरा प्रश्न होय.

पायडल मारताना शरीर जी शक्ती खर्च करते, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकाला मिळतो. बाकीची उष्णता होऊन अंगातच साठते. एरवी ती घालविण्याची सोय सायकल स्वतःच करते, कारण पायी चालणाऱ्याला न लागणारा वारा सायकलस्वाराला लागतो. तथापि या सोयीला मर्यादा आहे. मनुष्याची त्वचा साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेतोवर वारा उष्णता हरण करतो. ती ४३ अंशांवर गेली की तोच वारा उष्णता अंगात आणून सोडतो. मग तारणारा एक घामच. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो चटकन वाळतो व अंग निवते. मात्र पोटात पाणी हवे. मुंबईस किंवा कोलकात्यास पारा इतका चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि गळणारा घाम कोणाला निववीत नाही. नुसत्या अंशांवरून उन्हाचा कडकपणा मोजणे म्हणूनच फसवे.

चौकात लाल दिवा लागला की वाराही थांबतो. खालून डांबर भाजते, आणि शेजारी काचा लावून उभी असलेली वातानुकूलित मोटार आपल्या आतली उष्णता रस्त्यावर टाकीत असते. ती कोणाच्या वाट्यास येते, हे सांगावयास नको. चार पैसे गाठीला जमताच सायकलस्वार स्कूटर घेतो; त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

रस्त्याकडेला माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावविल्याचे सम्राट अशोकाने स्तंभलेखात नमूद केले आहे. तो स्तंभ आज दिल्लीस फिरोजशाह कोटल्यात उभा आहे. सावली हे राज्यकारभाराचे काम आहे, ही समज इतकी जुनी. आज रस्ता रुंद करावयाचा म्हटला की पहिली कुऱ्हाड पडते ती काठच्या कडुलिंबावर! त्याच उघड्या रस्त्यावर मग सायकलींसाठी रंगीत पट्टी आखली जाते. भर दुपारी तिच्यावरून जावे कोणी?

उन्हाळ्यात शाळा सकाळी भरविण्याची चाल विदर्भात जुनीच आहे. कचेऱ्या आणि बांधकामे यांनाही ती लावता येईल. नव्या रोपाची सावली रस्त्यावर पडावयास मात्र वर्षे लागतात. तोवरचा एक साधा उपाय २०२४ च्या उन्हाळ्यात चेन्नई व पुदुच्चेरी येथे दिसला: सिग्नलपाशी रस्त्यावर हिरव्या जाळीचे मांडव घातले होते. वारा जेथे थांबतो, नेमकी तेथेच सावली.