अक्षराशी झगडणारे मूल



सातारा जिल्ह्याने महाराष्ट्राला शिक्षणाची थोर परंपरा दिली. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली नायगावी झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्या पुण्याईने खेड्यातील मूल शाळेच्या दारापर्यंत पोचले. आजचा प्रश्न आहे तो वर्गात बसूनही अक्षरापासून दूर राहणाऱ्या मुलाचा.

असे मूल बोलण्यात चुणचुणीत असते. ऐकलेली गोष्ट ते जशीच्या तशी सांगते. पुस्तक उघडले की मात्र अडखळते. शाळेत ते 'ढ' ठरते आणि घरी आळशी. वस्तुतः त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते. हा मंदबुद्धीचा प्रकार नव्हे की डोळ्यांचा दोषही नव्हे. बोलीतील ध्वनी सुटे ओळखणे आणि ते अक्षरचिन्हांशी झटपट जोडणे या मुलांना जड जाते. पुष्कळदा ही अडचण आनुवंशिक असते. इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्येच चौदा वर्षांच्या अशा एका हुशार मुलाची हकिकत प्रसिद्ध केली होती.

देवनागरीतील अडथळे

मराठीत अक्षर व उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा पुष्कळ सरळ आहे. तथापि पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. 'सूर्य' या शब्दातील रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारला जातो त्याच्या आधी. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या दिसायला सारख्या. या चुका आरंभी सर्वच मुलांकडून होतात. नीट शिकवूनही त्या टिकून राहिल्या, वाचन अतिशय संथ राहिले, तर शिक्षकाने सावध व्हावे.

मात्र वाचता न येणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सियाग्रस्त नसते. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिकांचे मूल परराज्यात दुसरी लिपी शिकून परतते. जत तालुक्यात अनेक मुलांची घरची भाषा कन्नड असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा हंगामात तुटते. अशा मुलांना प्रथम सलग शिक्षण मिळाले पाहिजे. शिक्का मारण्याची घाई करू नये.

वर्गात काय करता येईल?

फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून मराठी वाचन शिकविण्याची पद्धती रुजविली. तीत अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न घेता लहान गटांनी, स्वरचिन्हांसह घेतली जातात आणि त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द तयार होतात. ही पद्धती केवळ डिस्लेक्सियासाठी नाही. पण क्रमशः आणि ध्वनीशी जोडून शिकविण्याचे तिचे तत्त्व या मुलांना विशेष उपकारक ठरते. अक्षर उच्चारीत ते वाळूत बोटाने गिरविणे, चिंचोके मांडून शब्दातील ध्वनी मोजणे, रोज थोडा वेळ पण न चुकता सराव घेणे, यांस खर्च लागत नाही. अशा मुलास वर्गासमोर सक्तीने वाचावयास लावू नये. इतिहास-विज्ञानाची उत्तरे तोंडी घ्यावीत आणि शुद्धलेखनासाठी आशयाचे गुण कापू नयेत.

कायद्याचा आधार

महाराष्ट्राने १९९६ मध्येच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी असेल तेव्हा, शिक्षकांकडून प्राथमिक चाळणी करण्याची आणि नंतर तज्ज्ञांकडे पाठविण्याची व्यवस्था सांगितली. व्यवहारात पुष्कळ पालकांना प्रमाणपत्राची आठवण होते ती दहावीच्या उंबरठ्यावर. जादा वेळ वा लेखनिक मिळाल्याने परीक्षा सुकर होते. सात वर्षांचा न्यूनगंड त्याने पुसला जात नाही.

पाचगणीच्या एका शाळेत चित्रित झालेल्या 'तारे जमीं पर' या २००७ च्या चित्रपटाने हा विषय घरोघरी नेला. पडद्यावरील मुलाला निवासी शाळा आणि जाणता शिक्षक लाभला. माणदेशातील वस्तीशाळेच्या मुलासाठी तो जाणता शिक्षक गावातच घडला पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीने हा विषय आपल्या बैठकीत घ्यावा, केंद्रप्रमुखांनी तालुक्याच्या विशेष शिक्षकाची भेट घडवून आणावी, आणि तपासणीसाठी शहरात जाणाऱ्या गरीब पालकाच्या प्रवासाची सोय पंचायतीने पाहावी.

तिसरीतील मूल आपली अडचण शब्दांत मांडू शकत नाही. ते फक्त मागच्या रांगेत सरकत जाते आणि एक दिवस शाळेतून दिसेनासे होते. त्याला वेळीच ओळखून पुढे बसविणे, हे काम मोठे नाही. पण ते तिसरीतच झाले पाहिजे.