निदानाआधीचा रुग्ण : मधुमेहाची जोखीम आणि जगण्याचा दर्जा
(जागतिक मधुमेह दिनी रुग्णालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



14 नोव्हेंबर हा इन्शुलिनच्या संशोधकांपैकी एक, सर फ्रेडरिक बँटिंग, यांचा जन्मदिवस. जगभर तो मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हे दिवस कापूस वेचणीचे. सीतादही आटोपलेली असते आणि सकाळपासून माणसे शेतात असतात. आमचा बाह्यरुग्ण विभाग या दिवसांत ओस पडतो. आजार कमी झालेला नसतो. रोजी बुडवून दवाखान्यात येणे परवडत नाही, इतकेच.

मधुमेह हा शहरातील सुखवस्तू माणसांचा आजार, ही समजूत अद्याप गेलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार महाराष्ट्रात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण 8.4 टक्के होते. शहरी भागात 10.9, तर ग्रामीण भागात 6.5 टक्के. मधुमेहपूर्व अवस्थेतील माणसे मात्र 12.8 टक्के होती. म्हणजे दर दोन मधुमेहींमागे तीन माणसे उंबरठ्यावर उभी होती. याच पाहणीचे देशभराचे आकडे 2023 साली आले, ते अनुक्रमे 11.4 आणि 15.3 टक्के.

किडकिडीत माणसालाही हा आजार का व्हावा, याचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांतील गरोदर माता व त्यांची बालके यांचा त्यांनी अभ्यास केला. ही बालके वजनाने कमी, स्नायूंनी दुबळी. परंतु त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटातील उपासमारीचे पडसाद असे प्रौढपणी उमटू शकतात. जिल्ह्यातील पोडांवर आणि तांड्यांवर काम करताना हे विसरून चालणार नाही.

जोखीम ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने 2005 साली मांडलेल्या भारतीय जोखीम-गुणांकनात वय, कंबरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आई-वडिलांचा मधुमेह एवढ्याच चार बाबी आहेत. एक शिवणाची टेप पुरते. वयाची पन्नाशी गाठली की 30 गुण. बैठे काम आणि व्यायाम नाही, त्याचे 30. बेरीज 60 झाली की जोखीम मोठी. म्हणजे पोट सुटलेले नाही आणि घरात कुणाला मधुमेह नाही, तरीही दिवसभर गल्ल्यावर बसणारा पन्नाशीचा दुकानदार या गटात मोडतो. हे गुण म्हणजे निदान नव्हे; रक्ततपासणी कुणाची आधी करावी, एवढेच ते सांगतात.

येथे आम्हास आमची एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्या शिबिरांत आम्ही रक्तशर्करा मोजत होतो आणि ती मर्यादेत असली की चिठ्ठीवर 'सामान्य' लिहून माणसाला निरोप देत होतो. असाच एक गृहस्थ काही वर्षांनी पायाची चिघळलेली जखम घेऊन आला. जुनी चिठ्ठी त्याने जपून ठेवली होती. ती आमच्यापुढे ठेवून तो म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलं होतं, काही नाही म्हणून." आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशीचा आकडा खरा होता. त्याची जोखीम आम्ही विचारलीच नव्हती.

जागतिक आरोग्य संघटना जगण्याचा दर्जा पाहताना शरीर, मन, नातेसंबंध आणि भोवतालची परिस्थिती अशा चार अंगांचा विचार करते. आपल्याकडे ही चारही अंगे एकमेकांत गुंतलेली आहेत. रात्री वारंवार लघवीस उठावे लागते. शौचालय दूर असेल तर बाईमाणसाला त्याचीच धास्ती. बधिर झालेल्या पायात काटा रुतला तरी कळत नाही. जखम झाली की मजुरी बुडते. मुलीचे लग्न ठरेपर्यंत आजार लपवला जातो. झरी-जामणी किंवा मारेगावच्या आतल्या गावाहून तपासणीस यायचे तर आख्खा दिवस मोडतो. निदानाच्या कागदावर यातले काहीच उमटत नाही.

आशा बाळगावी असे पुष्कळ आहे. भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. उंबरठ्यावरील व्यक्तींनी आहार आणि चालणे यांत बदल केल्यास मधुमेह होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी हे आपल्या घरचेच अन्न आहे. त्याचे ताटातील स्थान टिकवायचे आहे.

म्हणून येत्या वर्षासाठी आम्ही तीन गोष्टी ठरविल्या आहेत. शिबिरातील प्रत्येक चिठ्ठीवर शर्करेसोबत जोखमीचे गुण आणि पुढील तपासणीचा महिना लिहिला जाईल. प्रत्येक मधुमेही रुग्णाचे पाय, चप्पल काढायला लावून, पाहिले जातील. वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा बाह्यरुग्ण विभाग दिवेलागणीनंतर उघडा राहील. यास मोठा निधी लागत नाही. लागते ती सवड, आणि ती आपण सर्वांनी मिळून काढावयाची आहे.

'सामान्य' हा शब्द यापुढे आम्ही जपून लिहू.