उभ्या विमानाचे इंजिन

जुने लहान विमान विकायला निघाले की मालक आधी लॉगबुक उघडतो. ‘इंजिन अवघे ४०० तास चालले आहे.’ अशा अनेक इंजिनांना लायकमिंग कंपनीने २००० तासांचे आयुष्य दिले आहे. तेव्हा ऐकणाऱ्याला सौदा फायद्याचा वाटतो. पण तास भरले नाहीत, तरी १२ वर्षांनी इंजिन पूर्ण उघडावे, असेही हीच कंपनी सांगते. विमान दहा वर्षे शेडमध्ये उभे असेल, तर ४०० या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

सेस्ना १७२ सारख्या विमानांत बसणाऱ्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन चालते तेव्हा उडणाऱ्या तेलाने तो भिजतो. बंद पडले की तेल निथळून तळाशी जाते आणि कॅम कोरडा राहतो. त्यात आपला कोकणचा किनारा, पावसाळ्याची दमट हवा आणि जुन्या तेलात उतरलेले पाणी व आम्ल! गंज धरायला आणखी काय हवे? गंज पुसता येतो, त्याने पाडलेले बारीक खड्डे पुसता येत नाहीत. इंजिन चालू लागले की तिथूनच कॅमचा कठीण थर सोलवटतो आणि तो चुरा तेलाबरोबर सगळीकडे फिरतो.

म्हणून ‘एकदा चालू करून तर बघू’ हा मोह आधी आवरावा. पंखा हाताने फिरवून पाहणेही नको. सिलिंडरच्या भिंतीवर उरलेले थोडे तेल त्याने पुसले जाते. शिवाय मॅग्नेटोची तार तुटलेली असेल, तर इंजिन अचानक पेटून हात जायचा.

आधी स्पार्क प्लग काढून बोअरस्कोपने सिलिंडर आतून पाहावेत. जुने तेल काढावे, फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडाव्यात, त्यावरून चुंबक फिरवावे. इंधनटाकीच्या हवेच्या नळीत कुंभारणीने मातीचे घर केलेले नाही ना, तेही बघावे. हसू नका, या माशीला अशा नळ्या फार आवडतात.

पुढे येते ती कॉम्प्रेशन चाचणी. ८० पौंडांचा दाब दिला आणि काटा ७०च्या वर राहिला, की मंडळी निर्धास्त होतात. पण ही चाचणी रिंगा आणि व्हॉल्व्ह यांच्याविषयी सांगते. कॅमविषयी एक अक्षर नाही. प्लगच्या भोकातून बोअरस्कोपही तिथवर पोचत नाही. निदान एक सिलिंडर उतरवून कॅम डोळ्यांनी पाहावा लागतो. खर्च आहे, वेळ जातो, आणि विकणारा कुरकुरतो. माझ्या मते तो कुरकुरला, तर सौदा सोडावा.

‘आम्ही दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालवतो,’ असे कोणी सांगितले तर? २०२० साली टाळेबंदीत विमाने उभी राहिली, तेव्हाही हा प्रश्न निघाला. जमिनीवर दहा मिनिटांत तेलातले पाणी उडून जात नाही, उलट नवे पाणी त्यात भरते. तेल निदान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापून तासभर उड्डाण व्हायला हवे.

सगळे ठीक दिसले आणि विमान उडू लागले, तरी पहिल्या दहा तासांनी फिल्टर पुन्हा कापायचा. घड्यांत चकचकीत पोलादी कण सापडले, तर विमान तिथेच थांबवायचे.