तडजोड आणि तोड



शोध हा योगायोगाने लागतो, अशी एक समजूत आपल्या मनात खोलवर रुजलेली आहे. सफरचंद पडल्याची कथा, न्हाणीघरातून धावत सुटलेल्या आर्किमिडीजची कथा शाळेपासून कानांवर पडते आणि प्रतिभा ही मोजक्या भाग्यवंतांची मिरास होय, असे आपण गृहीत धरून चालतो. कारखान्यातही बहुधा तेच घडते. नवे उत्पादन काढायचे ठरले की चार अभियंते एका खोलीत बसतात, सुचेल ते बोलतात आणि ज्येष्ठाला पटेल ते कागदावर येते. शोध लावण्याचेही शास्त्र असू शकते आणि ते कोणालाही शिकवता येते, असा आग्रह धरणारा एक माणूस विसाव्या शतकात सोव्हिएत संघात होऊन गेला. त्या आग्रहाची किंमत त्याने बंदिवासात मोजली.

गेनरिख आल्टशुलर यांचा जन्म १९२६ साली ताश्कंदला झाला. जडणघडण मात्र कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरातली. महायुद्धानंतर ते नौदलाच्या पेटंटविषयक विभागात काम करू लागले. शोधकर्त्यांना साहाय्य करता करता त्यांच्या ध्यानात आले की, या मंडळींच्या हाती कोणतीही पद्धती नाही. सारे काही चाचपडणे आहे. १९४८च्या डिसेंबरात त्यांनी आणि त्यांचे मित्र राफाएल शापिरो यांनी थेट स्टालिनला पत्र लिहिले. देशातील शोधकार्याची दैना त्यात स्पष्ट शब्दांत मांडलेली होती. हुकूमशहाला सल्ला देणाऱ्यांना जे फळ मिळते, ते त्यांनाही मिळाले. १९५० साली अटक झाली, पंचवीस वर्षांची सजा झाली आणि ध्रुववृत्तापलीकडील व्होरकुटाच्या श्रमछावणीत रवानगी झाली.

चौकशीच्या काळातील एक प्रसंग त्यांच्याविषयी आवर्जून सांगितला जातो. रात्रभर चौकशी चाले आणि दिवसा झोपू देत नसत. पहारेकऱ्याला डोळे उघडे दिसले पाहिजेत आणि झोपण्यासाठी ते मिटलेही पाहिजेत! त्यावर सिगारेटच्या पाकिटाचे दोन तुकडे फाडून, त्यांवर जळक्या काडीने बुबुळे रेखाटून, ते मिटल्या पापण्यांवर चिकटवण्यात आले आणि आल्टशुलर बसल्या बसल्या झोपले. कथा थोडी रंगवलेली असेलही. पण त्यांच्या साऱ्या विचाराचे बीज तिच्यात आहे.

स्टालिन १९५३ साली मरण पावला. पुढच्याच वर्षी आल्टशुलर सुटले आणि १९५६ साली शापिरोंसमवेत त्यांनी आपला पहिला निबंध मानसशास्त्राच्या एका रशियन नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे या शास्त्राला ‘ट्रिझ’ हे नाव मिळाले. शोधविषयक समस्या सोडवण्याचा सिद्धांत, या अर्थाच्या रशियन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

या शास्त्राचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. अवघड समस्येच्या पोटात दोन परस्परविरोधी मागण्या दडलेल्या असतात. भाग बळकट करावा तर वजन वाढते. वजन घटवावे तर बळकटी जाते. सामान्य अभियंता येथे मध्यम मार्ग काढतो, थोडे इकडचे सोडतो, थोडे तिकडचे. ही झाली तडजोड. आल्टशुलर म्हणतात, विरोध झाकू नका, उलट तो अधिक टोकदार करून मांडा. मगच त्यावर तोड सापडते. विमानाला चाके हवीत आणि नकोतही. धावपट्टीवर हवीत, आकाशात नकोत, म्हणून ती पोटात ओढून घ्यायची. आपल्या स्वयंपाकघरातील पातेल्यालाही हाच न्याय लागू आहे. उतरवताना त्याला दांडा हवा. मांडणीत एकात एक बसवून ठेवताना तो नको. आपल्या गृहिणींनी तो दांडा पातेल्यापासून वेगळा केला आणि त्याला सांडशी म्हटले. (म्हणून ट्रिझ आपल्याकडे आधीपासूनच होते, असे कोणी कृपा करून म्हणू नये. सांडशी होती; तिच्यातून नियम काढून तो दुसरीकडे वापरण्याची पद्धती नव्हती.)

त्यांचे एक उदाहरण तर मुळातून समजून घेण्यासारखे आहे. निरनिराळ्या मिश्रधातूंवर तप्त आम्लाचा काय परिणाम होतो, हे पाहायचे आहे. धातूचे तुकडे एका पात्रात ठेवून आम्ल ओतायचे. अडचण अशी की, ते आम्ल पात्राच्या भिंतीच खाऊन टाकते. प्लॅटिनमचे अस्तर लावावे, तर खर्च आवाक्याबाहेर जातो. बहुतेकांची बुद्धी येथे स्वस्त अस्तराच्या शोधात धावते. आल्टशुलर विचारतात, सर्वोत्तम स्थिती कोणती? पात्रच नसावे आणि तरीही आम्ल धातूला भिडलेले असावे. मग आम्ल सावरून कोण धरील? तेथे उपलब्ध असलेले दुसरे काय आहे? तो धातूचा तुकडाच! त्यालाच पेल्याचा आकार द्या आणि आम्ल त्यात ओता. पात्र गेले, अस्तर गेले, खर्च गेला. नवे काहीही आणावे लागले नाही.

ही सूत्रे त्यांनी कल्पनेने रचलेली नाहीत. हजारो पेटंटांचा त्यांनी अभ्यास केला. वरच्या दर्जाच्या सुमारे ४० हजार पेटंटांतून चाळीस तत्त्वे निघाली, असे सांगितले जाते. त्यांच्या वर्गवारीत सुमारे ३२ टक्के पेटंटे किरकोळ फेरबदलांची आणि ४५ टक्के लहानसहान सुधारणांची निघाली. सर्वस्वी नव्या वैज्ञानिक शोधावर आधारलेली एक टक्काही नव्हती. तीच तोड वेगवेगळ्या उद्योगांत पुनःपुन्हा नव्याने शोधली गेल्याचेही आढळले. ढोबळी मिरची डबाबंद करण्यापूर्वी तिचा देठ आणि बिया काढण्यासाठी बंद भांड्यात हवेचा दाब हळूहळू वाढवतात आणि एकदम सोडतात. आत शिरलेली हवा देठासकट बिया बाहेर फेकते. सूर्यफुलाच्या बिया सोलण्यासाठी आणि हिऱ्याचे स्फटिक मूळच्या भेगांवर दुभंगण्यासाठीही हेच तत्त्व वापरले गेले. पण मिरचीवाल्याने हिऱ्यांचे पेटंट का वाचावे? या भिंती पाडणे, हे ट्रिझचे मोठे काम होय.

सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाल्यावर या शास्त्राचे अनेक जाणकार परदेशी गेले. कोरियाच्या सॅमसंगने १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना पाचारण केले आणि आपल्या अभियंत्यांना ही पद्धती शिकवली. आपल्याकडील असंख्य लघुउद्योग आजही दुसऱ्याने पाठवलेल्या आराखड्याबरहुकूम सुटे भाग बनवतात. भावही तो दुसराच ठरवतो. आराखडा आपला असल्याखेरीज भाव आपला होत नाही.

अर्थात ट्रिझ म्हणजे जादूची कांडी नव्हे. धातुशास्त्र ठाऊक नसलेल्याला ते धातुशास्त्र शिकवत नाही. त्यातील गुणधर्मांचे प्रसिद्ध कोष्टक जुन्या पेटंटांवर बेतलेले आहे; स्वतः आल्टशुलर यांनीही पुढे त्यावरील भर कमी केला आणि समस्येची पायरीपायरीने उकल करणाऱ्या रीतीकडे अधिक लक्ष दिले. दोन दिवसांच्या शिबिरात हे शास्त्र हस्तगत करून देणाऱ्यांपासून चार हात दूर राहिलेले बरे.

मुलांना मात्र ते लवकर समजते, असा त्यांचा विश्वास होता. १९७४ पासून १९८६ पर्यंत ‘पिओनेर्स्काया प्रावदा’ या मुलांच्या वृत्तपत्रात ते शोधाची कोडी घालत राहिले. देशभरातून मुलांची उत्तरे येत. ती वाचून, चूक नेमकी कोठे होते, हे ते टिपून ठेवत. १९९८ साली पेत्रोझावोद्स्क येथे त्यांचे निधन झाले. मुलांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. मराठीत ते कोणी आणले, तर आठवी-नववीच्या मुलांना सहज वाचता येईल.