चौकाला नांव देण्यापूर्वीं

(शहागड येथें शिवजयंतीच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



पोवाडा गाण्याचा माझा गळा नाहीं, आणि तलवारीचें वर्णन करणारे दोघे माझ्या आधीं बोलून गेले. मी बोलणार आहें तें पाटीविषयीं. आपल्या चौकाला नांव कोणतें द्यावें आणि कमानीवर कोणाकोणाचीं नांवें कोरावीं, यावरून गेले तीन महिने गांवांत जी धुसफूस चालली आहे ती सर्वांस ठाऊक आहे. वरच्या ओळीविषयीं दुमत नाहीं. ती शिवाजी महाराजांची. भांडण आहे तें खालच्या ओळींचें. मोठ्या वर्गणीदाराचें नांव आधीं, कीं पुढाऱ्याचें? म्हणजे महाराजांचें नांव वर टांगून त्याच्या सावलींत आपण बसावयाचें, इतकाच याचा अर्थ.

खुद्द महाराज नांवें कशीं देत तें पाहा. मुरुंबदेवाच्या डोंगराला त्यांनीं राजगड म्हटलें, भोरप्याला प्रतापगड, खेळण्याला विशाळगड, रायरीला रायगड. या चारही नांवांत त्यांचें स्वतःचें नांव नाहीं. मात्र रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर एक नांव कोरलेलें आजही वाचतां येतें. तें राजाचें नव्हे, कीं प्रधानाचेंही नव्हे. तें आहे गड बांधणाऱ्या हिरोजीचें. देवाला जाणाऱ्याचा पाय लागेल अशा जागीं त्यानें आपलें नांव ठेविलें. गवंडी, सुतार, पाथरवट, लोहार यांच्या घरांतून जे आज येथें बसले आहेत, त्यांनीं आपल्या पोरांना एकदां ती पायरी दाखवून आणावी. आणि प्रतापगडावर १६५९ सालीं महाराजांवरचा वार अडविणारा जिवा महाला, पुढच्या वर्षीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत महाराजांचा वेष घेऊन मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद, हे दोघे नाभिकांच्या घरचे. पन्हाळ्यास शिवा काशीदाचें स्मारक आहे. आपल्याकडे किती गल्ल्यांना त्यांचीं नांवें आहेत, तें तुम्हींच मोजा.

महाराजांचें नांव सार्वजनिक ठिकाणीं लावण्याची हौस आज सर्वांस आहे, पण एके काळीं तें काम आपल्या लोकांना झगडून करावें लागलें. जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालीं महाराजांवर पोवाडा रचला आणि हा राजा कुणब्यांचा आहे हें उघड सांगितलें. १६७४ च्या राज्याभिषेकासाठीं काशीहून गागाभट्टांस आणावें लागलें होतें. त्यानंतर सव्वादोनशें वर्षांनीं त्याच घराण्याच्या शाहू महाराजांस कोल्हापुरांत वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला. हा सल मनांत असलेल्या शाहू महाराजांनीं पुण्यास महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभारण्याचें मनावर घेतलें. १९२१ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडच्या युवराजाच्या हातून त्याची कोनशिला बसली. पुढच्याच मे महिन्यांत शाहू महाराज वारले. पुतळा उभा राहिला तो १९२८ सालीं. पण एवढ्यावर आपले लोक थांबले नाहींत, आणि मला विशेष वाटतें तें याचेंच. पुण्यास बाबूराव जगताप यांनीं १९१८ सालीं शिवाजी मराठा हायस्कूल काढलें. वऱ्हाडांत पंजाबराव देशमुखांनीं १९३२ सालीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज सुरू केलें. त्या पिढीनें तें नांव दिलें तें शाळेला आणि कॉलेजाला, जेथें कुणब्याचें पोर आंत शिरून कांहीं घेऊन बाहेर पडेल अशा दाराला.

इंग्रजालाही हें नांव टाळतां आलें नाहीं. लोणावळ्यास आरमाराच्या यंत्रविद्येची शाळा १९४५ सालीं त्यांच्याच राज्यांत निघाली, तिचें नांव शिवाजी. आजही आरमाराचे यंत्रज्ञ तेथेंच तयार होतात. मुंबईंत दादरचें माहीम पार्क १९२७ सालीं शिवाजी पार्क झालें. बोरीबंदरचें स्टेशन १८८७ सालीं राणीच्या नांवें झालें होतें. तें १९९६ सालीं महाराजांच्या नांवें झालें, आणि २०१७ सालीं त्यांत ‘महाराज’ हा शब्द वाढला. मान वाढला, चांगलें झालें. पण मुंबईहून सुटींत आलेला माझा एक विद्यार्थी मला म्हणाला, “गुरुजी, आम्ही सीएसएमटीला उतरलों.” मी विचारलें, त्या अक्षरांचा अर्थ काय? पोराला सांगतां येईना. कोल्हापूरच्या विद्यापीठाला १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ एवढेंच नांव आहे. तें लांब करा अशी मागणी झाली तेव्हां तिकडच्या पुष्कळ लोकांनीं विरोध केला तो याच कारणानें, कीं लांब नांवाचीं चार अक्षरें होतात आणि राजा त्यांत हरवतो. कोणी याला अनादर म्हणो. मला तें शहाणपण वाटतें.

आतां आपल्या घराजवळचें. सत्तर-पाऊणशें किलोमीटरांवरच्या त्या मोठ्या शहराचें नांव २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर झालें. त्यापूर्वीं औरंगाबाद, त्यापूर्वीं फत्तेनगर, आणि मुळांत खडकी. त्या खडकीचें १६१० च्या सुमारास शहर केलें मलिक अंबरानें. तो हबशी देशांतला, लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला. पण मोंगलांना दक्षिणेंत वर्षानुवर्षें त्यानें पुढें सरकूं दिलें नाहीं. १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्याच बाजूनें लढले आणि त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. नांवाच्या वादांत मला आज शिरावयाचें नाहीं. शहराचें नांव तीनदां फिरलें, पण मलिक अंबरानें जमिनीखालून खापरी नळांनीं जें पाणी आणलें, त्या नहरीला लोक अजून नहर-ए-अंबरी म्हणतात. तिच्यावर ठराव कोणी केला नव्हता. तहानलेल्यानें पाणी प्यालें आणि नांव लक्षांत ठेविलें.

आणि गोदेच्या पलीकडे राक्षसभुवन. १० ऑगस्ट १७६३ रोजीं, नदी दुथडी भरलेली असतां, निजाम अलीची अर्धी फौज अलीकडे उतरून आलेली आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह पलीकडे अडकलेला. माधवराव पेशव्यांच्या फौजेनें गांठून त्याचा मोड केला. दिवाण मारला गेला. पेशव्यांचें, निजामाचें नांव बखरींत आलें. त्या चिखलांत जे शिलेदार आणि पायदळाचे लोक मेले, ते कोणत्या गांवचे? आपल्यापैकीं कोणाच्या घरीं त्यांची आठवण असेल तर ती लिहून ठेवावयास मी तयार आहें.

एक गोष्ट मात्र कमान घाईनें उठविण्यापूर्वीं ऐका. मालवणास राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं महाराजांच्या पुतळ्याचें अनावरण झालें. नऊ महिनेही झाले नाहींत तोंच, २६ ऑगस्ट २०२४ रोजीं तो कोसळला. समोर समुद्रांत सिंधुदुर्ग उभा आहे. तो १६६४ सालीं बांधावयास घेतलेला, साडेतीनशें पावसाळे आणि लाटा खाल्लेला. २०२५ सालीं तेथें नवा, अधिक उंच पुतळा बसला. पण त्या दिवशीं मुलांनीं जें पाहिलें तें पुसलें जाणार नाहीं. आपले गवंडी म्हणतात कीं कमानीचा पाया काळ्या मातींत खोल न्यावा लागेल आणि खर्च वाढेल. त्यांचें ऐका. रंगरंगोटीच्या खर्चांतून पाया खोल होऊं द्या, नाहींतर कमान करूंच नका.

माझी सूचना अशी. वर ‘शिवाजी चौक’ एवढेंच लिहावें. खालीं वर्गणीदारांचीं नांवें नकोत, माझेंही नको. त्या जागीं महाराजांच्या त्या पत्राचा मतलब लिहावा, जें त्यांनीं चिपळूणच्या छावणीला पाठविलें होतें: शिपायांनीं रयतेचा दाणा, लाकूड, भाजीपाला जबरीनें घेऊं नये, वैरणीच्या गंजीजवळ दिवा जळता ठेवूं नये, उंदीर वात ओढून नेईल आणि सगळें जळून जाईल. एवढ्या लढाया चालू असतां ज्या राजाला उंदराची वात सुचली, तो कोण होता हें शेतकऱ्याच्या पोराला निराळें सांगावें लागणार नाहीं. पाटी तिसरीच्या मुलाला उभ्यानें वाचतां येईल इतक्या उंचीवर लावावी. आणि पायरीवर, हिरोजीप्रमाणें, ज्यांनीं दगड घडविला त्यांचीं नांवें.

उरलेल्या पैशांत शाळेच्या मागच्या खोलीचे पत्रे नीट करून घेतां येतील. संध्याकाळीं तेथें वाचनालय भरवावयास मी व आणखी दोघे शिक्षक तयार आहों. वर्गणीचा हिशेब येत्या बाजारच्या दिवशीं देवळाच्या ओट्यावर सर्वांसमोर वाचला जावा, आणि त्या वेळीं बायकांनाही ओट्यावर जागा असावी.