आधी गुरुजींची भीड चेपली पाहिजे

दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननसंस्थेचा पाठ आहे. मासिक पाळीही त्यात आहे. कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात बी.एड.चे छात्राध्यापक हा पाठ घ्यायला उभे राहतात, तेव्हा टाचण नीटनेटकं असतं, आकृतीचा तक्ता रंगवलेला असतो; पण नेमक्या जागी आवाज बसतो. मुली माना खाली घालतात, मागच्या बाकावर खसखस पिकते आणि "उरलेलं घरी वाचून या" म्हणत पाठ गुंडाळला जातो.

या तरुणांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांच्या शिक्षकांनीही हेच केलं होतं. छात्राध्यापकांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या मागवल्या की चित्र स्पष्ट होतं. एकजण विचारतो, "झोपेत वीर्य गेलं तर ताकद जाते का?" एकीला विचारायचं असतं, "पाळीत हात लावला तर लोणचं खरंच नासतं का?" दोन्हींचं उत्तर स्वच्छ 'नाही' असं आहे. पण वयाच्या विशीपर्यंत ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ज्याची स्वतःची शंका फिटली नाही, तो मुलांची काय फेडणार?

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही 2007 साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला विधिमंडळात कडाडून विरोध झाला आणि राज्याने ते थांबवलं.

भीड सरावाने चेपते. म्हणून अध्यापक महाविद्यालयात आधी छात्राध्यापकांच्याच चिठ्ठ्या वाचाव्यात आणि त्यांची शास्त्रीय उत्तरं द्यावीत. अवयवांची नावं एकमेकांसमोर मोठ्याने उच्चारायला लावावीत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, परिचारिकेला बोलवावं. पालक चिडून शाळेत आले तर काय बोलायचं, याचाही सरावपाठ घ्यावा.

यात कायद्याचाही भाग आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण मूल बोलणार कुणाशी? जे शिक्षक 'पाळी' हा शब्दही चारचौघांत उच्चारत नाहीत, त्यांच्याकडे ते येणार नाही.

प्राचार्यांना माझी विनंती आहे: हा पाठ ऐच्छिक ठेवू नका, प्रत्येक छात्राध्यापकाकडून तो करवून घ्याच. आणि पालकहो, गुरुजी हा पाठ शिकवत असतील तर त्यांच्या पाठीशी उभे राहा. ते तुमच्या लेकरांना सावध आणि शहाणं करत आहेत.